रिपोर्ट 'निगेटिव्ह' म्हणजे नक्की काय?

"डॉक्टर, रिपोर्टमध्ये तर काहीच निघालं नाही. मग ताप का उतरत नाही?" हा प्रश्न ओपीडीत रोजचा आहे. काही जण तर रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून औषधं स्वतःच बंद करतात. याचं उत्तर घाईत देता येत नाही. म्हणून आज विज्ञानाच्या इतिहासातल्या दोन खऱ्या गोष्टी सांगतो. पहिली एका हॉटेलातली, दुसरी सोन्याच्या खाणीतली.

हॉटेलातला न्यूमोनिया

जुलै १९७६. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलमध्ये 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. घरी परतल्यावर अनेकांना जोराचा ताप आणि न्यूमोनिया झाला. एकूण २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले.

तपासण्यांची रांग लागली. फ्लू नाही, नेहमीचे जंतू नाहीत, निकेलची विषबाधाही सिद्ध होईना. महिनोन्‌महिने उत्तर एकच होतं : 'काही सापडलं नाही.'

डॉ. जोसेफ मॅकडेड हे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातले शास्त्रज्ञ. गिनीपिगच्या ऊतींच्या काचपट्ट्यांवर त्यांना सुरुवातीला काही दांडीसारखे जंतू दिसले होते, पण ते बाहेरून मिसळले असावेत असं समजून त्यांनी सोडून दिले. डिसेंबरच्या अखेरीस त्यांनी त्याच काचपट्ट्या पुन्हा काढल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की आधीच्या प्रयोगात नको ते जंतू वाढू नयेत म्हणून अंड्यांमध्ये प्रतिजैविकं घातली होती. ज्याला शोधायचं, तोच त्यांनी मरत होता! प्रतिजैविकांशिवाय प्रयोग केल्यावर जानेवारी १९७७ मध्ये जंतू वाढला. रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांशी तो जुळला. त्याचं नाव पडलं लीजनेला.

हा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाही. त्याला सिस्टीन आणि लोह असलेलं खास खाद्य लागतं. त्याला कोमट पाणी मानवतं, साधारण २५ ते ४५ अंश सेल्सियस. मोठ्या एसीचे कूलिंग टॉवर, न वापरलेले शॉवर, कोमट पाण्याच्या टाक्या ही त्याची घरं. पाण्याचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की आजार होतो. म्हणूनच मोठ्या इमारतींत गरम पाणी ६० अंशांवर साठवतात. मात्र एवढं पाणी अंगावर थेट घेऊ नका, भाजतं.

खाणीतला हिशेब

त्याच काळात अमेरिकेतच रेमंड डेव्हिस वेगळंच मोजत होते. सूर्यातून न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण अखंड बाहेर पडतात आणि पृथ्वीतून, तुमच्या-माझ्या अंगातूनही, आरपार जातात. ते पकडण्यासाठी डेव्हिस यांनी साउथ डकोटातल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, एक टाकी बसवली. तिच्यात कपडे ड्रायक्लीन करण्याचं सुमारे ३,८०,००० लिटर द्रव होतं. त्यातल्या क्लोरीनवर न्यूट्रिनो आदळला की क्वचित आर्गॉनचा एखादा अणू तयार होतो. डेव्हिस ते अणू वेचून मोजत.

जॉन बाहकॉल यांनी न्यूट्रिनो किती यावेत याचं गणित मांडलं होतं. प्रत्यक्षात भरले त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. कुणी गणितावर शंका घेतली, कुणी प्रयोगावर. डेव्हिस यांनी टाकीत मुद्दाम मोजून आर्गॉन अणू सोडले आणि ते परत काढून दाखवले. उपकरण ठीक होतं.

उत्तर मिळायला २००१-०२ उजाडलं. कॅनडातल्या सडबरी प्रयोगशाळेने दाखवलं, की न्यूट्रिनो सूर्याकडून येताना आपला प्रकार बदलतात. डेव्हिस यांची टाकी एकच प्रकार पकडू शकत होती. सगळे प्रकार मोजल्यावर एकूण संख्या जुळली. डेव्हिस यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं.

आता तुमचा रिपोर्ट

जंतू तिथे होता, न्यूट्रिनोही येत होते. पण प्रत्येक चाचणी तिला जे पकडता येतं तेवढंच पकडते.

क्षयरोगाचंच घ्या. बेडका सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. त्याहून कमी असतील तर रिपोर्ट निगेटिव्ह आणि आजार मात्र आहे, असं होऊ शकतं. डेंग्यूची एनएस१ चाचणी पहिल्या काही दिवसांत उपयोगी, नंतर ती निगेटिव्ह येऊ शकते. लीजनेलाची लघवीची चाचणीसुद्धा मुख्यतः त्याचा एकच उपप्रकार ओळखते.

याचा अर्थ रिपोर्ट खोटे असतात असा नाही, किंवा निगेटिव्ह आला की आणखी दहा तपासण्या करत सुटावं असाही नाही. डॉक्टर रिपोर्टसोबत तुमची लक्षणं, तपासणी आणि आजाराचे दिवस एकत्र पाहतात. म्हणून पुढच्या वेळी एवढं विचारा : "ही चाचणी काय शोधते? ती आत्ता करायची योग्य वेळ आहे का? निगेटिव्ह आली तर काय शिल्लक राहतं?"

आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी ताप चालू असेल, धाप लागत असेल, तर घरी थांबू नका. सगळे जुने कागद घेऊन पुन्हा दाखवायला या. मॅकडेड यांनाही उत्तर जुन्याच काचपट्ट्यांवर सापडलं होतं.