केंद्रीय शिस्त तपासणी आयोग (चीन)

केंद्रीय शिस्त तपासणी आयोग ही चिनी कम्युनिस्ट पक्षाची सर्वोच्च शिस्तपालन संस्था होय. पक्षसभासदांचा भ्रष्टाचार, सत्तेचा गैरवापर व पक्षनियमांचा भंग यांची चौकशी करणे हे तिचे मुख्य कार्य आहे. चीनमधील बहुतेक उच्चपदस्थ अधिकारी पक्षाचे सभासद असल्याने त्यांच्याविरुद्धचे प्रकरण सामान्यतः न्यायालयापूर्वी पक्षापुढे येते.

इतिहास

पक्षाने १९४९ मध्ये झू दे यांच्या नेतृत्वाखाली अशा स्वरूपाचा पहिला आयोग नेमला. १९५५ मध्ये त्याची जागा नियंत्रण आयोगाने घेतली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६९ मध्ये, तोही रद्द झाला. डिसेंबर १९७८ मध्ये सध्याचा आयोग स्थापन झाला व चेन युन त्याचे पहिले प्रमुख झाले. १९९३ पासून आयोग व शासनाचे पर्यवेक्षण मंत्रालय यांचे कामकाज एकत्र चालू लागले.

रचना

पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन दर पाच वर्षांनी आयोगाची निवड करते. प्रांत व त्याखालील पातळ्यांवरही असे आयोग असतात. ते वरिष्ठ आयोग आणि आपल्याच पातळीवरील पक्षसमिती अशा दोहोंच्या नेतृत्वाखाली काम करतात.

कार्यपद्धती

पूर्वी संशयित सभासदास 'ठरवलेल्या वेळी, ठरवलेल्या ठिकाणी' हजर राहण्यास सांगून एकांतात ठेवले जाई. 'श्वांगग्वी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रथेला देशाच्या कायद्याचा नव्हे, तर पक्षनियमांचा आधार होता. मार्च २०१८ मध्ये राष्ट्रीय पर्यवेक्षण आयोग स्थापन झाला व पर्यवेक्षण कायद्याने 'ल्यूझी' ही स्थानबद्धता आणली. हा कायदा पक्षाबाहेरील लोकसेवकांनाही लागू आहे. मूळ कायद्यात स्थानबद्धतेची मुदत तीन महिने असून ती एकदा तितकीच वाढवता येत असे. या काळात वकिलाची भेट मिळत नाही.

पक्षशिक्षा पाच आहेत: ताकीद, गंभीर ताकीद, पक्षपदावरून दूर करणे, निरीक्षणाखाली सभासदत्व चालू ठेवणे आणि हकालपट्टी. गुन्हा आढळल्यास प्रकरण सरकारी अभियोक्त्यांकडे सोपवले जाते.

उल्लेखनीय प्रकरण

शी जिनपिंग यांनी २०१२ नंतर भ्रष्टाचारविरोधी मोहीम तीव्र केली. बडे अधिकारी 'वाघ' व कनिष्ठ अधिकारी 'माशा' म्हणून ओळखले जाऊ लागले. पक्षाच्या पॉलिटब्यूरो स्थायी समितीचे माजी सदस्य झोऊ योंगकांग यांची डिसेंबर २०१४ मध्ये हकालपट्टी झाली आणि त्यानंतर त्यांना औपचारिक अटक करण्यात आली. जून २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली.

मूल्यमापन

या व्यवस्थेमुळे पूर्वी अस्पर्श्य मानले गेलेले नेतेही कारवाईच्या कक्षेत आले. मात्र आरोप करणारा, चौकशी करणारा आणि पहिला निवाडा देणारा पक्षच असल्याने आरोपीस स्वतंत्र दाद मागता येत नाही, अशी टीका होते. राजकीय प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध या यंत्रणेचा वापर होत असल्याचा आक्षेपही घेतला जातो. स्थानिक आयोगास आपल्याच पातळीवरील पक्षप्रमुखाची चौकशी करणे अवघड जाते, ही तिची मूलभूत मर्यादा मानली जाते.