शेवाळाची राख

औषधांच्या दुकानांतून हल्ली समुद्रशेवाळाच्या गोळ्या मिळतात. वजन उतरते, रक्तातील साखर आटोक्यात राहते, गळ्यातील अवटुग्रंथीचे कार्य सुधारते, अशी त्यांची थोरवी सांगितली जाते. या थोरवीचे मूळ शोधू लागल्यास थेट नेपोलियनच्या दारूगोळ्यापर्यंत मागे जावे लागते.

लढायांसाठी सोरा हवा असे, आणि पॅरिसमधील बर्नार कुर्त्वा हा रसायनज्ञ तो तयार करी. या कामी तो समुद्रशेवाळ जाळून केलेली राख वापरी. १८११ साली त्या राखेच्या द्रवात गंधकाम्ल प्रमाणाबाहेर पडले आणि जांभळी वाफ उसळली. थंड पृष्ठभागावर तिचे काळसर, चकचकीत स्फटिक जमले. पुढे गे-ल्यूसाकने जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून या मूलद्रव्याचे नामकरण केले. तेच आयोडीन. कुर्त्वा मात्र १८३८ मध्ये दारिद्र्यात वारला.

गलगंडाची ओळख आपल्याकडे सुश्रुताइतकी जुनी आहे. चीनमध्ये चौथ्या शतकातील को हुंग याने त्यावर समुद्रशेवाळच सांगितले होते, तर युरोपातील वैद्य जाळलेला स्पंज देत. गुण येई, पण का येतो हे कोणास ठाऊक नव्हते. जिनीव्हाच्या डॉ. क्वँदे यांनी तर्क केला की, स्पंज काय आणि शेवाळ काय, दोहोंतील गुणकारी द्रव्य हे नवे आयोडीनच असावे. १८२० मध्ये त्यांनी ते रोग्यांस दिले आणि अनेकांची गाठ ओसरू लागली. बातमी पसरताच लोक वैद्याला न विचारता औषध घेऊ लागले. मग काहींच्या छातीत धडधड सुरू झाली, हात थरथरू लागले, अंग झपाट्याने वाळू लागले. क्वँदे यांनी स्वतःच अतिसेवनाविरुद्ध इशारे दिले. तरी त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला.

गंमत अशी की, जे वाळणे जिनीव्हात अपाय ठरले, तेच पुढे पॅरिसमध्ये गुण म्हणून मिरवले. १८६२ मध्ये द्युशेन-द्युपार्क या वैद्याने त्वचारोगावर समुद्रशेवाळ देऊन पाहिले, तेव्हा रोग्यांचे वजन घटल्याचे त्याला दिसले. लठ्ठपणावरील शेवाळी औषधांची परंपरा तेथून बळावली. हे वजन कशाच्या मोलाने उतरते, याचा उलगडा व्हायला मात्र बाऊमानची वाट पाहावी लागली. १८९५ साली त्याला अवटुग्रंथीतच आयोडीन सापडले. १९१४ मध्ये केंडलने तिचा स्राव शुद्ध रूपात वेगळा केला. हा स्राव शरीरातील चयापचयाचा वेग ठरवतो. आयोडीन कमी पडले तर ग्रंथी फुगते. एकाएकी फार मिळाले तर एखादीचे भान सुटते आणि देह स्वतःलाच जाळू लागतो.

आपल्या देशातील अध्याय हिमालयाच्या पायथ्याशी घडला. पावसाने व हिमनद्यांनी तेथील मातीतले आयोडीन धुऊन नेलेले. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्याचे तीन भाग पाडले आणि एक लाखाहून अधिक लोकवस्तीस मीठ पुरवले: दोन भागांत आयोडीनयुक्त, तिसऱ्यात साधे. सहा वर्षांनी पहिल्या दोन भागांतील गलगंड बराच घटला होता. साध्या मिठाच्या भागात तो तसाच होता. मग तेथेही आयोडीनयुक्त मीठ गेले आणि तेथला रोगही ओसरला. एवढा मोठा प्रयोग इतक्या साध्या वस्तूवर क्वचितच झाला असेल. १९६२ मध्ये सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

याच सुमारास, १९६५ साली, जपानमधील होक्काइदो बेटावरून उलटी हकीकत आली. किनाऱ्यावरील लोक कोंबू नावाचे शेवाळ मनसोक्त खात, आणि त्यांच्यातही गळे सुजलेले आढळत. तेथे कारण आयोडीनची विपुलता हे होते.

प्रौढ माणसास दिवसाला सुमारे दीडशे मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, बाजारातील खाद्य शेवाळांच्या एका ग्रॅममध्ये ते सोळापासून आठ हजारांहून अधिक मायक्रोग्रॅमपर्यंत भरले. शेवाळातील तंतूंमुळे जेवणानंतरची साखर थोडी सावकाश चढते, असे काही छोट्या प्रयोगांत दिसले आहे. पण तो तंतूंचा गुण झाला. आयोडीनचा हिशेब निराळा, आणि आपल्या घरच्या मिठात ते आधीच घातलेले असते.