एक जोते, अनेक घरे



युनियनच्या कार्यकर्त्याने संगणकाच्या भाषेचा इतिहास सांगावा, हे आपल्यापैकी काहींना नवलाचे वाटेल. माझे शाळेतले शिक्षण बेताचे. संगणकाशी गाठ पडली ती युनियनच्या कचेरीत, वर्गणीचा हिशेब ठेवताना. परंतु हत्यार बदलले की कोणाची भाकरी जाते, हा प्रश्न मी तीस वर्षे हाताळीत आलो आहे. तोच प्रश्न मला या इतिहासात भेटला.

अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट या प्राध्यापकांनी १९८८ साली टीसीएल नावाची छोटी भाषा रचली. त्यांच्या हाताखाली विजेच्या मंडलांचे आराखडे करणारे अनेक प्रोग्रॅम तयार होत, आणि प्रत्येकाची हुकूम देण्याची भाषा निराळी, शिवाय तोकडी. त्यांनी ठरवले की भाषा एकच करावी आणि ती कोणत्याही प्रोग्रॅमात बसवता यावी. गाभा लहान ठेवावा. ज्याला अधिक हवे त्याने आपली पुरवणी जोडावी. अशा पुरवणीला एक्स्टेन्शन म्हणतात.

एक उणीव लवकरच जाणवली. समजा, सभासदांची नोंद एका वहीत आहे आणि त्या नोंदीचे काय करायचे याचे नियम दुसऱ्या वहीत. सभासद दहा असतील तर चालते. दहा हजार झाले की गोंधळ उडतो. नोंद आणि तिचे नियम एकत्र बांधावेत, त्या गाठोड्याला ‘ऑब्जेक्ट’ म्हणावे, अशी ही पद्धत. मूळ टीसीएलमध्ये ती नव्हती.

तेव्हा गरजूंनीच ती घडवली. बेल प्रयोगशाळेतील मायकेल मॅक्लेनन यांनी १९९३ साली ‘इन्क्र टीसीएल’ मांडली. नावात गंमत आहे. सी भाषेत संख्या एकाने वाढवण्याची खूण म्हणजे दोन अधिकचिन्हे, त्यावरून ‘सी प्लस प्लस’; टीसीएलमध्ये तेच काम ‘इन्क्र’ हा शब्द करतो. १९९५ साली एम.आय.टी.मधून ओटीसीएल आली. एनएस-२ हा जाळ्यांची नक्कल करणारा प्रोग्रॅम तिच्यावर उभा राहिला, आणि आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीही तो वापरला. २००० साली गुस्ताफ नॉयमन आणि उवे झ्डुन यांनी एक्सओटीसीएल पुढे आणली.

घरे अशी अनेक झाली. मात्र प्रत्येकाचा पाया वेगळा. काही पुरवण्यांचे धागे गाभ्याच्या आतल्या यंत्रणेत गुंतलेले होते. गाभ्याची नवी आवृत्ती निघाली की ते धागे तुटत आणि दुरुस्तीचा भार पुरवणी सांभाळणाऱ्यांवर पडे. मग यांपैकी अधिकृत कोणती? एकीला मान द्यावा, तर बाकीच्यांवर विसंबून काम उभारणाऱ्यांनी जावे कोठे?

याच सुमारास, २००० साली, भाषेचा कारभार एकट्या ऑस्टरहाउट यांच्याकडून एका मंडळाकडे गेला. बदलाचा प्रस्ताव लेखी मांडायचा, त्याला क्रमांक द्यायचा, चर्चा करायची आणि मग मते घ्यायची, अशी रीत पडली. २००५ साली दोनशे सत्तावन्न क्रमांकाचा प्रस्ताव आला. त्यात एकीला विजयी करण्याचा हट्ट नव्हता. गाभ्यातच ऑब्जेक्टचे एक साधे, भक्कम जोते घालावे. हवे त्याने तेच वापरावे, हवे त्याने त्यावर आपल्या पद्धतीचे घर बांधावे, असा त्याचा आशय होता. डिसेंबर २०१२मध्ये टीसीएलची ८.६ ही आवृत्ती त्या जोत्यासह प्रसिद्ध झाली. इन्क्र टीसीएलची चौथी आवृत्ती त्याच जोत्यावर नव्याने बांधली गेली आणि ८.६बरोबरच वाटली गेली. प्रस्तावापासून इथवर सात वर्षे लागली.

सात वर्षे ऐकून कोणी हसेल. मला हसू येत नाही. एका कारखान्यात नवे यंत्र आले तेव्हा वीस-वीस वर्षे काम केलेल्या कारागिरांना एका सोमवारी सकाळी कळले की त्यांच्या हातची कला आता नको. यंत्र खरोखरच चांगले होते. त्यांच्याशी आधी कोणी बोलले नव्हते, एवढेच. त्यांतले दोघे पुन्हा कधी कामाला लागले नाहीत. बोलण्यात गेलेला काळ वाया गेला असे मी तेव्हापासून म्हणत नाही.

जुने सारे सदैव तसेच राहील, असे मात्र मी सांगणार नाही. सप्टेंबर २०२४मध्ये टीसीएलची ९.० आवृत्ती आली, ८.०नंतर सत्तावीस वर्षांनी आलेला हा मोठा टप्पा. त्यात काही जुने नियम गेले, पुरवण्या पुन्हा बांधाव्या लागल्या आणि काही प्रोग्रॅमांना दुरुस्ती करावी लागली. पण बदल कोणते, ते लिहून ठेवलेले होते, त्यांवर मते घेतलेली होती, आणि इन्क्र टीसीएलही नव्या आवृत्तीबरोबर आली.

बदलाला विरोध करणे हे युनियनचे काम, असा एक समज आहे. आमचे मागणे त्याहून साधे आहे. जोते बदलायचे असेल तर त्यावर ज्यांची घरे आहेत, त्यांना आधी विचारा.