रूळ उखडले, देश तिथेच राहिला

मी बेस्टमध्ये असतो असं सांगितलं की मुंबईची मंडळी हमखास विचारतात, "कुठला डेपो?" तर मंडळी, हे बेस्ट म्हणजे नेदरलँड्समधलं, आइंडहोवनच्या शेजारचं एक छोटं गाव. लाल बसशी त्याचा काही संबंध नाही. सायकल चालवायला उत्तम, कारण जमीन पोळपाटासारखी सपाट. या देशाच्या युरोपातल्या भूमीवरची सगळ्यात उंच जागा फाल्सरबेर्ग, उंची ३२२ मीटर. 'बेर्ग' म्हणजे डोंगर! आमच्या निपाणीचा बसस्टँडसुद्धा समुद्रसपाटीपासून याहून उंच भरेल.

तेव्हा डोंगर बघायची हुक्की आली की गाडीच्या मागे सायकली बांधायच्या आणि जर्मनीतलं आखेन गाठायचं. तिथून 'फेनबान' नावाचा सायकलींचा आणि चालणाऱ्यांचा रस्ता सुरू होतो. आखेनपासून लक्झेंबर्गमधल्या त्रुआव्हिएर्जपर्यंत १२५ किलोमीटर, तीन देशांतून. ही मुळात रेल्वेलाइन. रूळ काढून त्याच मार्गावर डांबरी वाट केली आणि २०१३ साली ती पूर्ण झाली. डोंगरातून जाते, पण दम लागत नाही, कारण रेल्वेला चढ सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर पटकन घसरतं. आपल्या बोरघाटात ३७ फुटांना एक फूट एवढा चढ ठेवला, तरी मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं. रेल्वेच्या इंजिनियरांनी वाफेच्या इंजिनाची केलेली ही काळजी माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाच्या कामी येते. असो.

'फेन' म्हणजे इथल्या डोंगरमाथ्यावरची दलदल. सगळ्यात उंच जागा बोत्रांज, ६९४ मीटर. या दलदलीतच रुर नदी उगम पावते (कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेली रूर वेगळी, मीही बरेच दिवस घोळ घालत होतो). ती मोन्शाउ गावातून खळाळत खाली उतरते आणि शेवटी आमच्या नेदरलँड्समध्ये रुरमोंडला मास नदीला मिळते. काल्टरहेरबेर्गच्या आसपास आपली वाट या नदीच्या खोऱ्यातून जाते. गर्द झाडी, खाली पाण्याचा आवाज, दगडी पूल. फोटो काढावेत अशी जागा. पण मला त्या रस्त्याकडेच्या दगडांबद्दल सांगायचं आहे.

वाटेच्या कडेला अधूनमधून सरहद्दीचे दगड दिसतात. आपण सायकल चालवतो ती वाट बेल्जियममध्ये. डाव्या हाताचं शेत जर्मनीत आणि उजव्या हाताचं घरही जर्मनीत! देशाची रुंदी काही ठिकाणी दोन रूळ, खडी आणि बाजूचा चर मावेल एवढीच.

हे झालं कसं? लाइन बांधली प्रशियाने, १८८५ ते १८८९ या काळात ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आखेनकडचा कोळसा लक्झेंबर्ग-लोरेनच्या पोलाद कारखान्यांना न्यायचा आणि तिकडचं लोहखनिज इकडे आणायचं. तेव्हा हा सगळा मुलूख जर्मनीचाच होता. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि व्हर्सायच्या तहाने ऑयपेन आणि मालमेदी हे दोन भाग बेल्जियमला मिळाले. आता या दोन गावांना जोडणारी रेल्वे म्हणजे हीच फेनबान, आणि ती मधेमधे जर्मनीत राहिलेल्या गावांमधून जाणारी. बेल्जियमचं म्हणणं, लाइन आमच्या हातात नसेल तर मिळालेला मुलूख चालवायचा कसा? सीमा आयोगाने १९२० साली ते मान्य केलं. रूळ, स्थानकं आणि त्याखालची जमीन, सगळं बेल्जियमला. जर्मनीने आरडाओरडा केला, पण हरलेल्याचं कोण ऐकतो!

परिणाम असा की रुळांच्या पश्चिमेची काही जर्मन गावं आणि जंगलं स्वतःच्या देशापासून तुटली. मधोमध बेल्जियमची फीत. रोटगेन, मोन्शाउ इथल्या जर्मन माणसाला गाडी पकडायला स्थानकावर, म्हणजे परदेशात जावं लागे. असे तुटलेले पाच जर्मन तुकडे आजही आहेत. म्युत्सेनिश सर्वांत मोठं, बाराशे हेक्टरच्या जरा वर. सर्वांत लहान रुकश्लाग, दीड हेक्टरच्या जरा वर. त्यात एक घर आणि भोवतीचं आवार, बस्स. मी त्या घरासमोर सायकल उभी करून पाणी प्यायलो. बाहेर कपडे वाळत होते, जर्मनीचे कपडे, आणि मी बेल्जियममध्ये उभा.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. अण्णा म्हणजे माझे आजोबा. निपाणी १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, तेव्हा ते ऐन विशीत होते. सीमा सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. त्याच्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं होतं, बेळगाव मात्र नाही. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या घरात हा विषय जेवणाच्या ताटावर असायचा, चटणीसारखा.

मी सगळी गंमत रंगवून सांगितली. त्या घराची, कपड्यांची. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. त्या माणसांना कुणी इचारलं हुतं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. वाटेवर पाट्या वाचत आलो होतो, फोटो काढले होते, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मग घरी येऊन वाचत बसलो.

विचारलं होतं. म्हणजे, विचारल्यासारखं केलं होतं. तहातच तशी तरतूद होती. जानेवारी ते जुलै १९२० असे सहा महिने ऑयपेन आणि मालमेदीत एकेक वही उघडी ठेवली. ज्याला बेल्जियम नको असेल त्याने तिथे जाऊन, बेल्जियमच्या अधिकाऱ्यांसमोर, स्वतःचं नाव लिहून सही करायची. गुप्त मतदान नाहीच. रेशन बंद होईल, हद्दपार करतील, अशी लोकांत दहशत. ३३,७२६ मतदारांपैकी सह्या केल्या २७१ जणांनी. बाकीचे राजी आहेत असं धरलं आणि सप्टेंबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाने शिक्का मारला.

पुढचं थोडक्यात. मे १९४० मध्ये हिटलरने हा भाग परत जर्मनीला जोडला. १२ सप्टेंबर १९४४ ला रोटगेन अमेरिकन सैन्याच्या हाती पडलं. त्याच डिसेंबरात दक्षिणेकडचं सांक्ट फिट हे जंक्शनचं गाव बॉम्बहल्ल्यात भुईसपाट झालं, आणि युद्धानंतर मुलूख पुन्हा बेल्जियमकडे आला. त्या काळात जर्मनीत कॉफीवर जबर कर होता. म्हणून १९५३ साली कर उतरेपर्यंत या सरहद्दीवरून कॉफीची चोरटी वाहतूक जोरात चाले. रेल्वे मात्र हळूहळू मेली. १९९० पासून हौशी प्रवाशांसाठी गाडी चालायची, तीही २००१ मध्ये थांबली. रूळ निघाल्यावर जमीन जर्मनीला परत मिळणार का, असा प्रश्न निघाला. ती मिळाली नाही. हद्द रेल्वेसाठी आखली होती, पण तहात एकदा लिहिली की ती रेल्वेवर अवलंबून राहत नाही.

अण्णांना पुन्हा फोन लावला. २७१ चा आकडा ऐकून म्हणाले, "त्या दोनशे एकाहत्तरांची नावं असतील की कुठंतरी." मग मी सांगितलं की आज बेल्जियममध्ये जर्मन ही तिसरी राजभाषा आहे. ऑयपेनला जर्मन भाषकांची स्वतःची विधानसभा आहे, शाळा त्यांच्या ताब्यात आहेत, आणि हे सगळं जेमतेम पाऊण लाख लोकांसाठी.

बराच वेळ फोनवर काही आवाज नाही. मला वाटलं लाइन कटली.

"शाळा त्यांच्या भाषेत?"

"हो अण्णा. सरकारी कागदसुद्धा."

"मग परत जर्मनीत जायचं म्हनत नाहीत?"

आता तसं म्हणणारं फारसं कुणी भेटत नाही, म्हटलं. यावर ते काही बोलले नाहीत. नातवाचा अभ्यास कसा चाललाय, थंडी किती आहे, यावर गाडी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात खालचा टप्पा करायचा आहे, सांक्ट फिटपासून उर नदीच्या खोऱ्यातून लक्झेंबर्गपर्यंत. त्या बाजूला एक जुना रेल्वे बोगदा आहे, पण तो वटवाघळांसाठी राखून ठेवला आहे. सायकलवाल्यांनी डोंगरावरून वळसा घालायचा. तेवढा एक चढ मात्र माझ्या पायांनी चढावा लागेल.