घरी जोडायचा फायबरग्लास कॅम्पर : किटची रचना कशी असावी?

मोटारीच्या मागे जोडून नेता येईल असे, दोघांच्या झोपण्याची आणि जुजबी स्वयंपाकाची सोय असलेले चिमुकले घर म्हणजे कॅम्पर ट्रेलर. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. तेव्हापासून मुंबईहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने चारोटीमार्गे डहाणूचा किनारा, बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या आणि तलासरीचा डोंगराळ भाग गाठणाऱ्या हौशी प्रवाशांना या वाहनाचे आकर्षण वाटल्यास नवल नाही. तयार कॅराव्हॅनची किंमत मात्र मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरची असते. सुटे भाग विकत घेऊन ते घरच्या अंगणात जोडायचे, ही किटची कल्पना त्यातूनच पुढे येते.

असे किट आखताना आकार, रंग किंवा आतील सजावट या गोष्टी दुय्यम ठरतात. कोणते काम कारखान्यात पुरे करायचे आणि कोणते हौशी माणसाच्या हाती सोपवायचे, हाच मूळ प्रश्न आहे. ही वाटणी चुकली तर त्याची किंमत ट्रेलरच्या मालकाइतकीच महामार्गावरून मागून येणाऱ्यालाही मोजावी लागते.

टाकीपासून ट्रेलरपर्यंत

फायबरग्लासच्या छोट्या कॅम्परचा आद्य नमुना म्हणून कॅनडातील ‘बोलर’चे नाव घेतले जाते. विनिपेग शहरातील रे ओलेको यांनी १९६८ मध्ये तो बाजारात आणला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासच्या सेप्टिक टँकवर काम केले होते. टाकीचेच तंत्र त्यांनी घरासाठी वापरले. वरची आणि खालची अशी दोन कवचे साच्यातून काढायची आणि मध्यभागी जोडायची. १३ फूट लांबीच्या या अंडाकृती ट्रेलरच्या छतावर पत्र्यांचे सांधे नव्हते. साहजिकच गळतीचे मोठे कारणच नाहीसे झाले.

भारतालाही हे द्रव्य नवे नाही. बंगळुरूची ‘सिपानी डॉल्फिन’ ही १९८०च्या दशकातील मोटार फायबरग्लासच्या बॉडीची होती. कोकणपट्टीत मासेमारीच्या बोटींसाठी फायबर सर्रास वापरले जाते. म्हणजे खाऱ्या हवेत टिकणाऱ्या या कामाची जाण असलेले कारागीर किनाऱ्यावर आहेत.

घरगुती जोडणीसाठी अमेरिकेतील ‘चेसापीक लाइट क्राफ्ट’ या बोटींचे किट बनविणाऱ्या कंपनीचे उदाहरण उद्बोधक आहे. तिच्या कॅम्पर किटमध्ये यंत्राने कापलेले प्लायवूडचे तुकडे, इपॉक्सी आणि काचेचे कापड मिळते. चाकांचा सांगाडा मात्र ग्राहकाने बाजारातून तयार घ्यायचा असतो. जिथे चूक जिवावर बेतू शकते, तो भाग हौशी माणसाकडे द्यायचा नाही, हे तत्त्व त्यामागे दिसते.

वजनाचे गणित

आराखड्याची सुरुवात वजनापासून करावी. समजा, कवच ३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १.६ मीटर उंच आहे. सर्व बाजू मिळून पृष्ठभाग सुमारे २५ चौरस मीटर भरतो. चौरस मीटरला साडेपाच किलो धरल्यास कवचाचे वजन १४० किलोच्या आसपास जाते. त्यात सांगाडा व कपलिंग ९० किलो, आस व चाके ७०, दार-खिडक्या ३०, बिछाना व कपाटे ५०, बॅटरी व वायरिंग ३०, पाणी ४० आणि सामान १५० किलो मिळविले की बेरीज ६०० किलो होते. ७५० किलोच्या आतील दोन चाकी ट्रेलर हा हलक्या वर्गातला. त्यामुळे हाती राहिलेले १५० किलो ही गंगाजळी समजावी, आणखी एक कपाट बसविण्याची मुभा नव्हे.

साध्या फायबरग्लासचा ३ मिलिमीटर जाडीचा थर चौरस मीटरला साधारण साडेचार किलो भरतो, पण मोठ्या सपाट भागात तो लवतो. त्याऐवजी २० मिलिमीटर जाडीचा हलका, टणक फोम मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना एक-एक मिलिमीटरचे थर दिले, तर वजन किलोभरच वाढते. वाकण्याला होणारा विरोध मात्र कागदोपत्री जवळपास शंभर पट होतो. प्रत्यक्षात फोमचा मऊपणा आणि चिकटवणुकीतील उणिवा यांमुळे हा लाभ बराच घटतो, तरीही तो मोठाच राहतो. फोममुळे मे महिन्याच्या उन्हाची धगही कमी होते.

रसायने घराबाहेर

कवच साच्यात घडविण्याचे काम कारखान्यातच व्हावे, याला तीन कारणे आहेत. पहिले कारण आरोग्याचे. पॉलिएस्टर रेझिनमधून स्टायरीनची वाफ निघते आणि बंद खोलीत ती घातक ठरते. दुसरे कारण आगीचे. रेझिन घट्ट होण्यासाठी वजनाच्या एक ते दोन टक्के हार्डनर घालतात आणि कोबाल्टचे द्रावण वेगळे मिसळतात. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडू शकतो. ही चूक स्वयंपाकघराच्या ओट्यावर करून पाहण्याजोगी नाही.

तिसरे कारण स्थानिक आहे. केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेद्वारे डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला आणि तेथील उद्योगांवर निर्बंध आले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणही स्थापन झाले. चिकूच्या वाडीत शेड टाकून रेझिनचे पिंप उघडणे हा येथे खासगी हौसेचा विषय राहत नाही. साचेकाम परवानाधारक औद्योगिक वसाहतीत आणि जोडणी घरी, अशी विभागणीच सयुक्तिक ठरते.

जोड हाच कस

घरी उरते ते तुकडे चिकटविण्याचे काम, आणि किटची खरी परीक्षा तेथेच होते. कवचाचे सहा ते आठ तुकडे केले तर ते एकात एक बसवून छोट्या टेम्पोतून नेता येतात. प्रत्येक तुकड्याच्या कडेला फोम न ठेवता भरीव पट्टी असावी. वरचा तुकडा खालच्यावर डब्याच्या झाकणासारखा बसावा, म्हणजे पावसाचे पाणी सांध्यात न शिरता खाली ओघळेल. कारखान्यातच पाडलेल्या छिद्रांतून बोल्ट घालून संपूर्ण कवच आधी कोरडे जुळवून पाहता आले पाहिजे. मापे जुळल्याची खात्री झाल्यावरच पृष्ठभाग घासून इपॉक्सी लावायचे. दार, खिडकी आणि झरोका यांची भोकेही तयार हवीत. घरी करवतीने कापलेली फोमची उघडी कड पाणी पिते आणि काही पावसाळ्यांत भिंतीचे थर सुटू लागतात.

हंगामही पाहावा लागतो. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, मेणचट साय धरते आणि पुढचा थर नीट बसत नाही. कडक उन्हाळ्यात मिश्रण भांड्यातच गरम होऊन घट्ट होते. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या कामाला सर्वांत अनुकूल. किटच्या पुस्तिकेत याचा स्पष्ट उल्लेख हवा.

चाक, कपलिंग आणि कायदा

सांगाडा, आस आणि कपलिंग हे भाग तयार, वेल्डिंग पुरे झालेले आणि तप्त जस्तलेपन केलेलेच द्यावेत. खाऱ्या हवेत नुसता रंग फार काळ टिकत नाही. एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग कपलिंगवर यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. कपलिंगपासून आसापर्यंतचे अंतर २.६ मीटर असेल, तर भारलेल्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य आसाच्या २६ सेंटिमीटर पुढे असला पाहिजे. तेव्हा ६०० किलोंपैकी ६० किलो कपलिंगवर येतात. वजन मागे सरकले की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोलू लागतो आणि मोटारीलाही ओढून नेतो. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी यांच्या जागा जोडणाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाहीत.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्यामुळे नोंदणीवाचून तो रस्त्यावर आणता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार निर्मात्याला नमुन्याची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते. अशा संस्थांपैकी पुण्यातील ‘एआरएआय’ व ‘सीआयआरटी’ आणि अहिल्यानगर येथील ‘व्हीआरडीई’ महाराष्ट्रातच आहेत. मोटारीची ट्रेलर ओढण्याची क्षमताही निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावी लागते. ती दिलेली नसेल, तर स्थानिक गॅरेजमध्ये कपलिंग बसवून प्रश्न सुटत नाही.

आत राहणाऱ्यांसाठी

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो तळाशी साचतो, म्हणून जमिनीत बंद न होणारे छिद्र आणि छताला झरोका हवा. शेगडी मागच्या उघडणाऱ्या झडपेखाली, बाहेरून वापरता येईल अशी ठेवणे अधिक श्रेयस्कर. पेटलेले फायबरग्लास दाट, विषारी धूर सोडते, तेव्हा दाराव्यतिरिक्त माणूस बाहेर पडू शकेल एवढी एक खिडकी आवश्यक आहे.

डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या काळात धुंदलवाडी परिसरातील अनेक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूंत काढल्या. हलके कवच अशा वेळी जड भिंतीपेक्षा सुरक्षित खरे; पण उभा ट्रेलर केवळ बारीक जॅकवर तोलून ठेवला तर तो धक्क्याने घसरू शकतो. भार चाकांवरच ठेवावा, चाकांना पाचर द्यावी आणि डोक्यावरच्या कपाटांत जड वस्तू ठेवू नयेत.

या साऱ्याचा क्रम ठरलेला आहे. आधी नमुना, मग चाचणी व मान्यता आणि शेवटी किटची विक्री. खरेदीदारानेही पैसे मोजण्यापूर्वी मान्यतेचे प्रमाणपत्र, वजनाचा तक्ता आणि जोडणीची मराठी पुस्तिका या तीन गोष्टी मागून घ्याव्यात. यांपैकी एकही नसेल, तर हाती येणारे कवच अंगणात पाहुण्यांची खोली म्हणून शोभेल, महामार्गावर त्याला जागा नाही.