हैदराबादच्या नावाचे स्पिटफायर

८ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात, वेअरहॅम गावाजवळ बेस्टवॉलच्या शेतात एक लढाऊ विमान कसेबसे उतरले. मेसरश्मिट १०९ या जर्मन विमानाच्या गोळ्या त्याला लागल्या होत्या. घसरत जाऊन ते एका चराशी अडले आणि नाक जमिनीत रुतवून, शेपूट आभाळाकडे करून उभे राहिले. वैमानिक सार्जंट डेनिस रॉबिन्सन सुखरूप बाहेर आला. त्या अवस्थेतला विमानाचा फोटो आजही पाहायला मिळतो. विमान स्पिटफायर मार्क १, क्रमांक के ९८९४, अक्षरे यूएम-एन. यातले ‘यूएम’ हे १५२ व्या स्क्वाड्रनचे संकेताक्षर आणि त्या तुकडीचे अधिकृत नाव १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन.

हे हैदराबाद म्हणजे आपलेच, जालना ज्यात होते ते संस्थान. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. १९४० साली जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, परतूर परभणी जिल्ह्यात होते आणि दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात. निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश हवाई दलाला दिलेल्या देणगीवरून या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले. तिच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार, म्हणजे पगडी, आहे आणि खाली ‘विश्वासू मित्र’ या अर्थाचे ब्रीद. दुसरी एक तुकडी २५३ (हैदराबाद संस्थान) या नावाची होती, तिच्याकडे हरिकेन विमाने होती. जगभरचे हौशी लोक हजारो स्पिटफायर, म्हणजे त्यांच्या छोट्या प्रतिकृती, घडवतात. जालन्यात बसून एकच घडवायचे असेल, तर ते यूएम अक्षरांचे असावे असे मला ठामपणे वाटते. संस्थानाचा बराच पैसा जमिनीच्या महसुलातून येत होता आणि त्या महसुलात मराठवाड्याच्या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांतली काळी जमीन होती.

एक अठ्ठेचाळीसांश मापात हे विमान घडवायचे तर पंखांचा पल्ला सव्वातेवीस सेंटिमीटरच्या थोडा वर आणि लांबी एकोणीस सेंटिमीटर भरते. मूळ मापे ११.२३ मीटर आणि ९.१२ मीटर. प्लास्टिकचे किट बाजारात मिळते, त्यातले भाग जुळवणे हे हाताचे काम. खरे काम त्याआधी सुरू होते. कोणता रंग, कुठे, कोणत्या तारखेला? इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी अस्सल कागदाशिवाय इतिहासाचे एक वाक्यही लिहू नये असा आग्रह धरला. प्रतिकृतीलाही तोच आग्रह लागू करावा. इथे वाक्याच्या जागी ब्रशचा फटकारा आहे, एवढेच.

पहिला कागद म्हणजे विमानाचा क्रमांकच. ब्रिटिश हवाई मंत्रालयाने जून १९३६ मध्ये ३१० स्पिटफायर मागवली. त्यांना के ९७८७ पासून के ९९९९ पर्यंत आणि मग एल १००० पासून एल १०९६ पर्यंत क्रमांक मिळाले. म्हणजे के ९८९४ हे त्या पहिल्या मागणीतले १०८ वे विमान. एवढ्यावरूनच पुष्कळ काही ठरते. हे विमान युद्धाच्या आधीचे आहे. कारखान्यातून निघताना त्याच्या वरच्या अंगावर गडद माती आणि गडद हिरवा रंग होता. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात खालच्या अंगाला एक पंख काळा, दुसरा पांढरा असे. स्वतःच्या तोफखान्याने खालून ओळखावे, यासाठी ही काळी-पांढरी विभागणी होती.

दुसरा कागद हवाई दलाचा फॉर्म ७८. प्रत्येक विमानाचे एक कार्ड असे. विमान कोणत्या तुकडीकडे गेले, दुरुस्तीला कधी गेले, यादीतून कधी कमी झाले, या नोंदी त्यावर थोडक्या अक्षरांत असतात. तिसरा कागद तुकडीची कार्यनोंदवही, म्हणजे फॉर्म ५४० आणि ५४१. पहिल्यात रोजचा वृत्तान्त, दुसऱ्यात उड्डाणे. या वह्या लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वही लिहिणारा अधिकारी घाईत असे. वैमानिकाचे नाव तो लिहीच, विमानाचा क्रमांक कधी लिही, कधी गाळी. म्हणून वही आणि कार्ड समोरासमोर ठेवूनच वाचावे लागते.

चौथा प्रकार वैमानिकांच्या लढाईच्या अहवालांचा. यात सावध राहायला हवे. एकाच शत्रुविमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या आणि तिघांनीही ते पाडल्याचे लिहिले, असे त्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना सर्रास घडले. कुणी खोटे बोलत नव्हते. ताशी पाचशे किलोमीटरच्या वेगात माणसाला तेवढेच दिसते. १५२ व्या तुकडीतल्या एरिक मार्स या तरुण वैमानिकाची घरी लिहिलेली पत्रे युद्धानंतर छापली गेली. तो स्वतः २४ जुलै १९४१ रोजी ब्रेस्टवरच्या मोहिमेत मारला गेला. तुकडीच्या वॉर्मवेल येथील तळावरचे दिवस कसे गेले ते या पत्रांतून कळते, पण पंखाखालचा रंग मात्र पत्रांत शोधू नये.

तो रंग हाच या प्रतिकृतीतला सगळ्यात कठीण प्रश्न.

६ जून १९४० रोजी लढाऊ विमानांसाठी हुकूम निघाला की, खालचे अंग ‘स्काय’ या फिकट हिरवट रंगाने रंगवावे. काळे-पांढरे पंख गेले आणि ब्रिटिश हवाई दलाची खालची वर्तुळचिन्हेही गेली. पण हुकूम एका दिवसात निघतो, रंगाचे डबे शेकडो विमानांना एका दिवसात पुरत नाहीत. ‘स्काय’चा तुटवडा पडला. कुणी निळसर, कुणी पोपटीकडे झुकणारा, असा तळावर जो जवळचा रंग मिसळता आला तो लावला. नव्या विमानांना कारखान्यातच नवा रंग मिळाला. आमच्या के ९८९४ सारख्या जुन्या विमानाला मात्र तळावरच्या माणसांनी हाताने रंगवले असणार. त्यानंतर ११ ऑगस्टला पंखांखाली वर्तुळचिन्हे पुन्हा काढण्याचा हुकूम निघाला.

आता तारखा जुळवा. काळे-पांढरे पंख रद्द झाले ६ जूनला. १५२ वी तुकडी ॲक्लिंग्टनहून दक्षिणेला वॉर्मवेलला आली १२ जुलैला. पोर्टलंडच्या नाविक तळाचे रक्षण हे तिचे काम. विमान पडले ८ ऑगस्टला, म्हणजे चिन्हे परत काढायच्या हुकुमाच्या तीन दिवस आधी. म्हणून प्रतिकृतीच्या पंखांखाली वर्तुळे काढू नयेत. किटच्या डब्यात त्यांची डेकल, म्हणजे चिकटवायची चित्रे, असतात आणि रिकामी खालची बाजू पाहून हात शिवशिवतो. पण तारीख स्पष्ट आहे. तसेच शेपटीजवळचा ‘स्काय’ रंगाचा पट्टाही नको. तो नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस आला. बाजूच्या वर्तुळाभोवती पिवळे कडे आणि उभ्या शेपटीवर तीन रंगांचे पट्टे मात्र हवेत, कारण ते मे १९४० मध्येच लागू झाले होते.

फोटोवरून रंग ठरवणाऱ्याने आणखी एक जपावे. त्या काळी दोन जातींच्या फिल्म वापरात होत्या. एका जातीत पिवळा रंग जवळजवळ काळा उमटतो, दुसऱ्या जातीत फिकट. फोटोत पिवळे कडे दिसत नाही म्हणून ते विमानावर नव्हते असे म्हणता येत नाही. आधी त्या फोटोतली दुसरी एखादी ठाऊक रंगाची वस्तू पाहावी, फिल्म ओळखावी आणि मगच बोलावे. वरच्या मातकट-हिरव्या पट्ट्यांची नागमोडही अशीच तपासावी. स्पिटफायरवर हे पट्टे दोन तऱ्हांचे होते, एक दुसरीचे आरशातले प्रतिबिंब. किटच्या कागदावर बहुधा त्यातली एकच तऱ्हा छापलेली असते.

अंगावरच्या खिळ्यांची, म्हणजे रिव्हेटांची, गोष्ट मला फार आवडते. विमानाचा पत्रा गुळगुळीत हवा, म्हणून रिव्हेटांची डोकी पत्र्यात बुडवलेली असत. पण तसे रिव्हेट बसवायला वेळ लागे, पैसा लागे. गोल डोक्याचे रिव्हेट चालतील का, हे पाहण्यासाठी सुपरमरीनच्या लोकांनी पहिल्या नमुना विमानाच्या प्रत्येक बुडीत रिव्हेटावर वाटाण्याच्या डाळीचा एकेक दाणा सरसाने चिकटवला आणि विमान उडवले. वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरने घटला. मग एकेक ओळ खरवडून पुन्हा उडवत, कुठल्या ओळीने किती वेग खाल्ला ते त्यांनी शोधले. पंखांवर बुडीत डोकी अत्यावश्यक ठरली, मागच्या धडावर गोल डोकी चालून गेली. त्यामुळे सुरुवातीच्या मार्क १ ची प्रतिकृती करताना मागच्या धडावर बारीक उठाव हवेत आणि पंख साफ हवेत. एका डाळीच्या दाण्याचा निर्णय एक अठ्ठेचाळीसांश मापात सुईच्या टोकाएवढा उरतो. भिंगाखाली रेझिनचे ते ठिपके ओळीने बसवताना मागच्या धडाची सगळी रचना बोटांना कळत जाते.

पंख्याचेही तसेच. या मागणीतली पहिली विमाने दोन पात्यांच्या लाकडी पंख्याने उडाली. पुढे डी हॅविलंडचा तीन पात्यांचा, दोनच कोनांत फिरणारा पंखा आला. जून १९४० च्या अखेरीपासून डी हॅविलंडचे कारागीर तळोतळी फिरले आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यांनी लढाऊ तुकड्यांच्या विमानांवर कोन आपोआप बदलणारी यंत्रणा बसवली. बाहेरून पाते तेच दिसते, म्हणून प्रतिकृतीला याचा त्रास नाही. आठ ब्राउनिंग मशीनगनांच्या तोंडांवर तांबड्या कापडाचे तुकडे चिकटवलेले असत, उंचावरच्या थंडीत गन गोठू नयेत म्हणून. उड्डाणाला निघालेले विमान दाखवायचे तर हे तुकडे अखंड हवेत. लढून आलेले दाखवायचे तर फाटलेले आणि त्यामागे पंखाखाली बारुदाच्या काळ्या रेघा.

हैदराबादच्या दानाचा सगळ्यात बोलका पुरावा मात्र कागदाचा नाही. पहिल्या महायुद्धातही निजामाने अशीच देणगी दिली होती. ११० व्या स्क्वाड्रनची पहिली डीएच ९ए बाँबफेकी विमाने त्या पैशांतून आली आणि त्यांच्या अंगावर निजामाची भेट असल्याचा मजकूर रंगवलेला होता. त्यातले एफ १०१० हे विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती लागले. त्यांनी ते बर्लिनच्या विमान संग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावापासून वाचवायला ते पूर्वेकडे हलवले गेले आणि पोलंडच्या क्राकुव शहरात उरले. १९७७ मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाने ते परत मिळवले, आणि बदल्यात क्राकुवला दिले एक स्पिटफायर. आज ते लंडनला हेंडन येथे आहे. दात्याचे नाव अंगावर कसे लिहीत, किती मोठ्या अक्षरांत, कोणत्या जागी, हे तपासायला यापेक्षा उत्तम साधन नाही.

दात्याविषयी मात्र नीट लिहायला हवे. १९४० मध्ये ब्रिटनच्या विमान उत्पादन मंत्रालयाने देणगीसाठी एका स्पिटफायरची किंमत ५,००० पौंड ठरवली होती. मुंबई, बडोदा, म्हैसूर, मद्रास या नावांच्याही तुकड्या होत्या. हैदराबादचे इंग्रजांशी नाते मात्र त्याहून जुने. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असईला इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा निजाम इंग्रजांच्या बाजूला होता. पुढे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी जालन्यात होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या त्या फौजेचा खर्च निजामाच्या माथी होता आणि त्याच थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. १९१८ मध्ये निजामाला ‘विश्वासू मित्र’ हा किताब मिळाला. स्क्वाड्रनच्या ब्रीदातले शब्द तिथून आले. असईपासून वॉर्मवेलपर्यंत हा एकच धागा आहे आणि त्याचा बराच भाग आपल्या जिल्ह्यातून जातो.

तुकडी पुढे उत्तर आफ्रिका, सिसिली, इटली करत १९४३ च्या अखेरीस भारतात आली आणि इम्फाळच्या आघाडीवरून ब्रह्मदेशात लढली. तिच्या मार्क ८ स्पिटफायरवर वर्तुळचिन्हातून झेपावणारा काळा बिबट्या रंगवलेला असे. प्रतिकृती करणाऱ्यांना तो फार प्रिय आहे आणि दिसतोही देखणा. तरीही मी पहिला मान के ९८९४ ला देईन, कारण त्याची तारीख, जागा, वैमानिक आणि फोटो एकमेकांना धरून आहेत.

त्या फोटोनंतर आठ वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, भारतीय हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी हैदराबाद संस्थानावर हल्ले केले आणि भारतीय सैन्य जालन्यात शिरले. ३ शीख पलटणीला इथे चिवट प्रतिकार झाला. १७ सप्टेंबरला निजामाची सत्ता संपली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. हैदराबादच्या नावाची १५२ वी स्क्वाड्रन मात्र ब्रिटिश हवाई दलात मधूनमधून पुन्हा उभी राहत गेली आणि निजामाची दस्तार मिरवत १९६७ पर्यंत टिकली.

जालन्यातल्या एखाद्या शाळेने किंवा हौशी मंडळाने हे विमान घडवायला घ्यावे. पाटीवर विमानाचा क्रमांक, ८ ऑगस्ट १९४० ही तारीख आणि कोणती गोष्ट कोणत्या कागदावरून घेतली ते लिहावे. दाता म्हणून निजामाचे नाव लिहावेच, आणि त्याखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, महसूल भरणाऱ्या रयतेचेही.