उलटी मूळ संख्या: एमर्प, इंदापूरचा एसटीडी कोड आणि ६१७४

आमचं सांगवी बारामती तालुक्यात. लँडलाइनचा एसटीडी कोड ०२११२, शेजारच्या इंदापूरचा ०२१११. पुढचं शून्य सोडून द्या. २११२ उलटीकडून वाचली तरी २११२च. २१११ मात्र मूळ संख्या आहे: १ आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही. पण उलटी केली की १११२, म्हणजे सम. खेळ खल्लास!

उलटल्यावर वेगळी मूळ संख्या देणाऱ्या मूळ संख्येला एमर्प म्हणतात ('प्राइम'ची इंग्रजी अक्षरं उलटी लावून केलेलं नाव). यादी अशी: १३, १७, ३१, ३७, ७१, ७३, ७९, ९७, १०७, ११३... ११ आणि १०१ यात नाहीत, कारण उलटून त्याच येतात. दोन अंकी २१ मूळ संख्यांपैकी एमर्प फक्त ८. ही यादी कुठे संपते की नाही, हे अजून कोणालाच सिद्ध करता आलेलं नाही.

प्रोग्राम लिहायचा असेल तर पहिला अंक २, ४, ५, ६ किंवा ८ असलेल्या संख्या आधीच गाळा. उलटल्यावर तो अंक शेवटी जातो आणि २ किंवा ५ ने भाग जातो. ३ ची काळजी नको, कारण उलटल्याने अंकांची बेरीज बदलत नाही. ११ ची कसोटीही उलटल्यावर तशीच राहते. खरा दगा ७, १३ असल्या संख्या देतात: १९ उलटली की ९१, म्हणजे ७ × १३.

उलटण्याचाच एक खेळ आपल्या देवळालीत सापडला. तिथले शाळामास्तर द. रा. कापरेकर (जन्म डहाणू, १९०५) यांनी १९४९ मध्ये तो शोधला. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून तीच उलटी करून वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर कापरेकरांचं नाव जगभर पोचलं.

मी इंदापूरचा कोड टाकून बघितला. २१११ − १११२ = ९९९. पुढे माझ्या प्रोग्रामने ९९९ − ९९९ = ० केलं. म्हटलं, कापरेकर चुकले की काय! चूक माझीच. ९९९ ला पूर्णांक म्हणून ठेवलं, त्यात पुढचं शून्य गळालं. चार अंकांची स्ट्रिंग करून ०९९९ घेतल्यावर:

९९९० − ०९९९ = ८९९१
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर तेच करा: ७६४१ − १४६७ = ६१७४. अडकलो! बारामतीचा २११२ चारच पायऱ्यांत इथे येतो. कुठलीही संख्या घ्या, सातच्या वर पायऱ्या लागत नाहीत. तुमच्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार अंक टाकून बघा. फक्त चारही अंक सारखे असतील, ७७७७ वगैरे, तर पहिल्याच वजाबाकीत शून्य.